टेपमध्ये अडकलेली कॅसेट: जुन्या गाडीच्या व्यवहारातलं एक प्रकरण

हे प्रकरण २०१९ च्या जून ते सप्टेंबर या काळातलं आहे. मी कोल्हापुरात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. आमच्याकडे या धंद्याला ऑटो कन्सल्टिंग म्हणतात. माणसांची नावं, गाव आणि गाडीचा नंबर गाळला आहे. ज्यांची कॅसेट होती त्या भावाबहिणीला विचारून लिहितो आहे. बहिणीने एक गोष्ट लिहू नका म्हणून सांगितलं, ती लिहिलेली नाही.

पार्श्वभूमी

विकायला आलेल्या गाडीत माणसं बरंच काही विसरून जातात. सीटखाली चिल्लर, सन व्हायझरमागे टोलच्या पावत्या, मागच्या सीटच्या फटीत लहान मुलाचा एक बूट. कागद सापडले तर आम्ही फोन करतो. डॅशबोर्डवरच्या गणपतीचं काय करायचं तेही विचारतो, कारण देव कुणी टाकत नाही आणि दुसऱ्याचा देव न विचारता कुणी ठेवून घेत नाही. गाण्यांबद्दल मात्र आम्ही कधीच विचारत नव्हतो.

आणि गाणी तर जवळजवळ प्रत्येक गाडीत राहतात. १९९५-२००० च्या गाड्यांतून कॅसेट निघायच्या. त्यानंतरच्या गाड्यांत दीड-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी, मग पेन ड्राइव्ह, मग नखाएवढी मेमरी कार्डं. आता टचस्क्रीनमध्ये जुन्या मालकाचा फोन जोडलेला राहतो, कधी त्याची सगळी फोनबुकही. कॅसेट आणि सीडी आमच्याकडे भंगाराच्या पोत्यात जायच्या. पेन ड्राइव्ह पोरं घ्यायची, पुसायची आणि वापरायची. वीसेक वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सिंधुदुर्गातून एक मारुती ८०० आली. २००२ ची, एमएच ०७ पासिंग, पांढरी, सेकंड ओनर. पंधरा वर्षांनंतरचं फेरपासिंग २०१७ ला झालेलं, म्हणजे २०२२ पर्यंत चिंता नव्हती. पत्रा बऱ्यापैकी होता. कोकणातली गाडी म्हटल्यावर आम्ही खालून गंज आधी बघतो, तो फक्त डाव्या दाराच्या पट्टीला होता. कागल तालुक्यातल्या एका शिक्षकांनी तिसऱ्याच दिवशी टोकन दिलं. त्यांची एकच मागणी होती: जुना टेप काढून यूएसबीचा प्लेअर बसवून द्या.

अडचण

जुना टेप आणि नवा प्लेअर दोन्ही एकाच मापाचे, १८० बाय ५० मिलिमीटरचे. तासाभराचं काम. फिटिंग करणाऱ्या पोराने टेप बाहेर ओढला आणि हाक मारली, "मालक, टेपात कॅसेट अडकलीया. काढू का ओढून?"

मी बघायला गेलो. कॅसेटची कड तोंडाशी दिसत होती. साध्या पांढऱ्या लेबलवर निळ्या शाईने, बॉलपेन दाबून लिहिलेलं: "बारी ९७". त्याखाली बारीक अक्षरात "बाबा". कंपनीची छापील कॅसेट असती तर मी ओढ म्हणालो असतो, हे कबूल करतो. हाताने लिहिलेलं "बाबा" बघून थांबलो.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: बारी म्हणजे डबलबारीचं भजन. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने म्हणायचं, मग दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. पेटी, पखवाज, झांजा, मागे कोरस, आणि रात्र सरेपर्यंत चालणारा सामना. तेव्हा हे गावोगावचे लोक टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरून घ्यायचे. अशी कॅसेट जगात एकच असते. बाजारातली गाणी पुन्हा मिळतात, ही मिळत नाही.

पहिला निर्णय: ओढायची की टेप उघडायचा

हा निर्णय सोपा होता आणि तेवढा एक आम्ही बरोबर घेतला. टेप तसाच उचलून जुन्या टेपरेकॉर्डरचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे नेला. त्यांनी वरचं झाकण काढलं. रबराची चाकी वाळून चिकट झाली होती आणि फितीला धरून बसली होती. मिस्त्रींनी चाकी बोटाने उलटी फिरवत फीत सोडवली. ओढली असती तर तुटलीच असती. फूटभर फीत चुरगळलेली होती, केळीच्या वाळलेल्या पानासारखी. "गेली का?" मी विचारलं. ते म्हणाले, "फूटभर म्हणजे सहा सेकंदं. बाकीची आहे." कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते, त्यांचा हिशेब बरोबर होता.

समोर असलेले पर्याय

दुकानात यावर वाद झाला. माझा भाऊ व्यवहारात भागीदार आहे. त्याचं म्हणणं, गाडी घेतली म्हणजे आतलं सगळं घेतलं, डिलिव्हरी नोटवर "जशी आहे तशी" लिहिलेलं असतं. दुसरा मार्ग, कॅसेट शिक्षकांना गाडीबरोबर देऊन टाकायची. तिसरा, विकणाऱ्याला फोन करून परत पाठवायची, न ऐकता. चौथा, आधी ऐकायची, आत काय आहे बघायचं आणि मग ठरवायचं.

वकिली करणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, "जशी आहे तशी" हे गाडीच्या अवस्थेबद्दल असतं, गाडीत राहिलेल्या दुसऱ्याच्या वस्तूबद्दल नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ त्याने दाखवलं: सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ती ठेव म्हणून घेतल्यासारखी जबाबदारी येते. म्हणजे टाकायचीही नाही आणि आपली म्हणून वापरायचीही नाही. मला हे तेव्हा नवीन होतं. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३०, एनओसीचा २८, बँकेचा बोजा उतरवायचा ३५, हे सगळं मला झोपेत सांगता येतं. मालकाने बदलीची सूचना १४ दिवसांत द्यायची, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, हेही पाठ आहे. गाडीच्या पोटात राहिलेल्या आवाजासाठी या सगळ्या कागदांत एक ओळ नाही.

शिक्षक म्हणाले, "माझं त्यात काही नाही. ज्यांची आहे त्यांना द्या, आणि मिळाली की मला कळवा." तो प्रश्न तिथे मिटला.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, गाडी त्याने २००९ मध्ये घेतली तेव्हापासून टेप बंदच होता, फक्त रेडिओ लागायचा. आत कॅसेट आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे ती दहा वर्षं, प्रत्येक उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचांमागे तापत, त्या जागीच होती. पहिल्या मालकाचा नंबर त्याच्याकडे नव्हता, व्यवहार एजंटमार्फत झाला होता.

डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिस बुक मिळालं. पहिल्या पानावर पहिल्या मालकाचं नाव, गाव आणि एक लँडलाइन नंबर. नंबर कधीच बंद झालेला. म्हणून आम्ही ऐकायचं ठरवलं. आत काही खूण मिळाली तर माणूस सापडेल, असा विचार होता.

काय केलं

मिस्त्रींनी जुनं कवच बाजूला केलं. दाबपट्टीचा फेल्टचा तुकडा गळून पडला होता, त्याशिवाय आवाज नीट उमटत नाही. त्यांनी पाच स्क्रूंची दुसरी कॅसेट उघडली, तिची चाकं काढली आणि ही फीत त्यात बसवली. जुनं लेबल असलेलं कवच वेगळं जपून ठेवलं. लगेच लावू दिली नाही. पेन्सिल घालून हाताने एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, कारण दहा वर्षं एका जागी बसलेली फीत थरांना थर चिकटवून असते. मग माझ्या पुतण्याने वायर जोडून लॅपटॉपवर घेतली. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याला पुरलं. एका बाजूची अर्ध्या तासाची फाइल तीनशे एमबीच्या आसपास झाली.

पहिल्या बाजूला बारी. भरणाऱ्याने कॅसेट वाचवायची म्हणून समोरच्या बुवांची पाळी आली की बटण दाबलेलं. खट्ट, आणि पुन्हा आपले बुवा. त्यामुळे सामना एका बाजूनेच ऐकू येतो: उत्तरं आहेत, प्रश्न नाहीत. आवाज भरदार, वरच्या पट्टीत जरा खरखरीत. आणि एक विचित्र गोष्ट, शांत जागी बुवांची ओळ खरोखर सुरू व्हायच्या दोन-अडीच सेकंद आधी ती अगदी पुसट ऐकू यायची, कुणी शेजारच्या खोलीत म्हणत असावं तशी. मिस्त्रींनी समजावलं: एकावर एक गुंडाळलेले थर बरीच वर्षं तसेच राहिले, त्यात उष्णता मिळाली, की एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं.

दुसऱ्या बाजूला घर होतं. कौलांवर पाऊस, कुठेतरी भांडी, आणि तेच बुवा एका लहान मुलीला गौळण शिकवताहेत. ती मध्येच चुकते, बुवा थांबतात, खोकतात, म्हणतात, "परत म्हण." ती परत म्हणते. पंचवीसेक मिनिटं एवढंच. नाव कुणाचंच घेतलेलं नाही, तिला ते "बाय" म्हणतात.

मी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

आमची चूक

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पुतण्या म्हणाला, कोकणातल्या भजनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू, कुणीतरी आवाज ओळखेल. मी हो म्हणालो. कुठला तुकडा टाकायचा यावर तो म्हणाला, बारीचे तुकडे खूप फिरतात, कुणी ऐकत नाही, मुलीचा टाकू, लोक थांबून ऐकतील. मी त्यालाही हो म्हणालो. दोन मिनिटांची क्लिप, खाली "हा आवाज कुणाचा, कृपया कळवा" आणि माझा नंबर.

रात्री नऊला टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती मलाच तीन वेगळ्या ग्रुपमधून परत आली. तेव्हा भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता यायचं, तरीही ती पसरली. एका ठिकाणी तिच्याखाली "वडिलांची आठवण येत असेल तर पुढे पाठवा" असं लिहिलेलं होतं. तिथे आमचा नंबर वाटेत कुठेतरी गळून गेला होता.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला फोन आला. बाईंचा आवाज. पहिलं वाक्य मालवणीत: "तुमका ह्यां खंय गावलां?" मग मराठीत. त्या मुंबईला नोकरी करतात. संध्याकाळी लोकलमध्ये ऑफिसच्या मैत्रिणीने "ऐक, किती गोड आहे" म्हणून फोन कानाला लावला. त्या डब्यात, उभ्या गर्दीत, त्यांनी दहा-अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांचा खोकला ऐकला. ती "बाय" म्हणजे त्याच.

मी म्हणालो, "ताई, आम्ही तुम्हालाच शोधत होतो." त्या म्हणाल्या, "शोधायचं होतं तर लिहून विचारायचं होतं. माझ्या बाबांना गावभर का फिरवलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. क्लिप मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत तेव्हा तासाभराची होती, ती कधीच उलटून गेली होती. ग्रुपच्या अ‍ॅडमिननी विनंती मान्य केली, लोकांना पुसायला सांगितलं. काहींनी पुसली असेल. ती क्लिप अजून कुठेतरी असणार.

वकील मित्राने नंतर आणखी एक सांगितलं: कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार गाणाऱ्या माणसाला कलाकार म्हणून स्वतःचा हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. ताईंनी कायद्याचं नावही काढलं नाही. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की ते घरातलं होतं.

दुसरा कठीण निर्णय: द्यायची कुणाला

पहिला मालक, म्हणजे सर्व्हिस बुकातलं नाव, त्यांच्या थोरल्या भावाचं निघालं. भाऊ गावी घरी राहतात. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून कागदाने बघितलं तर कॅसेटही त्यांची. आवाज मात्र वडिलांचा आणि बहिणीचा. आणि या दोघांत या कॅसेटवरून जुना सल होता. बहिणीची समजूत होती की वडील गेल्यावर भावाने ती टाकून दिली. "दहा वर्षं मी दादाला बोल लावत्येय," त्या म्हणाल्या.

भावाशी बोललो तेव्हा उलगडा झाला. वडिलांना दवाखान्यात न्यायचं असायचं तेव्हा गाडीत ते हीच कॅसेट लावायला सांगत. एकदा परत येताना ती अडकली. त्या दिवसांत टेप दुरुस्त करायला कुणाला सुचणार? मग वडील गेले, वर्षाच्या आत गाडी विकली. भावाने घरभर कॅसेट शोधली होती. ती गाडीतच आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मला भावाचं नाव कागदावर आहे म्हणून त्यांना देऊन मोकळं होता आलं असतं. तसं केलं असतं तर मधल्या मधे आम्हीच निवाडा केल्यासारखं झालं असतं. आम्ही दोघांना सांगितलं: दोन्ही बाजूंच्या फाइल दोघांनाही पाठवतो, मूळ कॅसेट कुणी घ्यायची ते तुम्ही दोघं बोलून कळवा, तोवर ती आमच्याकडे सुरक्षित आहे. बहीण म्हणाली, फाइल पाठवू नका, मी फोनवर ऐकणार नाही. ते पाळलं.

मध्येच आलेला पूर

"सुरक्षित आहे" म्हणालो खरं, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमची जागा सखल भागात. रात्रीतून गाड्या उंचावर नेल्या, त्यातल्या दोन राहिल्याच. ऑफिसात कमरेएवढं पाणी आलं, टेबलं तरंगली. कॅसेट वाचली ती एका योगायोगाने. मी तिचं पाकीट त्या गाडीच्या टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, कागदांच्या फाइलमध्ये ठेवलं होतं, आणि बायकोने घाईत आधी फायलींचे गठ्ठे उचलले. ड्रॉवरमध्ये ठेवली असती, जसा माझा आधी विचार होता, तर चिखलात गेली असती.

निष्पत्ती

भावाबहिणीचं बोलणं जमायला महिना लागला. शेवटी भावाने कळवलं, "तिका देवा. गणपतीक ती घराक येतली, थयच देवा." २ सप्टेंबरला चतुर्थी होती. आदल्या दिवशी पुतण्या आणि मी फोंडाघाटाने खाली उतरलो. घरात माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचं काम चाललं होतं. पाकिटात नव्या कवचातली कॅसेट, सोबत जुनं लेबलचं कवच आणि एक पेन ड्राइव्ह, त्यात दोन्ही बाजू. ताईंनी पेन ड्राइव्ह भावाच्या हातात दिला आणि जुनं कवच उघडून लेबलवरून अंगठा फिरवला. अक्षर वडिलांचं नव्हतं, आईचं होतं. हे आम्हाला तिथे कळलं.

मग त्यांनी विचारलं, "तो गाडीतला टेप कुठे आहे?" घरात कॅसेट वाजवणारं एकही यंत्र उरलं नव्हतं. तो टेप आम्ही जूनमध्येच भंगारात दिला होता. मिस्त्रींकडून पंधरा दिवसांत एक चालू टू-इन-वन मिळवून एसटीच्या पार्सलने पाठवला, त्याचे पैसे आम्ही घेतले नाहीत. पण दुरुस्त करून तोच टेप देता आला असता, ही रुखरुख आहे.

क्लिपबद्दल ताईंनी त्या दिवशी विषय काढला नाही. निघताना पुतण्याने स्वतःहून पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "परत कुणाचं करू नको." आम्ही त्याच दिवशी आमच्या लॅपटॉपवरच्या फाइल पुसल्या.

वेगळं काय करता आलं असतं

ऐकण्याबद्दल मी अजूनही ठाम नाही. पहिली बाजू ऐकणं गरजेचं होतं असं वाटतं. दुसरी बाजू अर्ध्या मिनिटात कळली होती की ती घरातली आहे, तिथे थांबायला हवं होतं.

शोधायला आवाज लागतच नव्हता. "२००२ ची मारुती, अमुक तालुका, ९७ च्या डबलबारीची हाताने लेबल लिहिलेली कॅसेट सापडली आहे" एवढा मजकूर पुरला असता. उलट दुसऱ्या बाजूला काय आहे हे आम्ही गुप्त ठेवायला हवं होतं. कुणी माझी म्हणून आला तर त्यालाच विचारता आलं असतं, मागच्या बाजूला काय भरलंय? खरा मालक ओळखायची ती एकच खूण होती आणि ती आम्ही स्वतःच गावभर वाटली. ग्रुपच्याही आधी सर्व्हिस बुकातल्या गावी एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं. भाऊ अजून त्याच घरात राहतात, पत्र चार दिवसांत पोचलं असतं. हे मला परतीच्या घाटात सुचलं.

तेव्हापासून गाडी घेताना आमच्या कागदावर एक ओळ वाढली आहे: गाडीत राहिलेली गाणी व ध्वनिमुद्रणं. विकणाऱ्यासमोर चावी फिरवून टेप चालू करतो, इजेक्ट दाबतो, यूएसबीच्या खाचेत बोट घालतो, टचस्क्रीन असेल तर जोडलेले फोन आणि फोनबुक त्याच्यासमोर पुसून रीसेट मारतो, आणि त्या ओळीपुढे त्याची सही घेतो. दोन मिनिटं जातात. पोरांना सक्त सांगितलंय, सापडलेलं काहीही लावून बघायचं नाही. पाकिटात घालायचं, वर गाडीचा नंबर आणि तारीख, आणि पाकीट त्या गाडीच्या फाइलमध्ये.

सध्या अशी तीन पाकिटं कपाटात आहेत. दोन पाकिटांच्या मालकांनी "टाकून द्या" म्हणून सांगितलंय, तरी आम्ही वर्षभर ठेवणार आहोत. तिसऱ्यात एक मेमरी कार्ड आहे. विकणाऱ्या गृहस्थांचा फोन लागत नाही, म्हणून गेल्या सोमवारी त्यांच्या आरसीवरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं आहे.